टी, एच, आर

आठला पाच कमी असताना फेरीचं इंजिन मी बंद करतो
आणि केबिनमधला रेडिओ चालू ठेवतो.
मीच असं नाही, व्हॉल्सेच्या धक्क्यावरच्या सगळ्याच बोटी.
कबूल कोणी करत नाही.

आठ वाजता आधी मॅग्नीचा खोकला येतो,
मग तीन अक्षरं.
खुशाली नाही, हवापाणी नाही.
आणि समुद्रापलीकडून, स्केरीजच्या खडकांवरून,
त्याची बहीण ओस्ला शब्द देऊ लागते.

नियम त्यांचे त्यांनीच केलेले:
तिन्ही अक्षरं शब्दात हवीत,
मागेपुढे चालतील, विखुरलेली चालतील,
गाळायचं मात्र एकही नाही.
एकदा उच्चारला की शब्द उष्टा.
जो अडला तो हरला.

अकरा वर्षं झाली.
आईला पुरून आले त्याच दुपारी भांडण झालं,
पीटच्या पट्ट्यावरून.
पीट म्हणजे दलदलीतली काळी माती,
वैशाखात कापायची, उन्हात उभी करायची,
हिवाळाभर चुलीत घालायची.
पट्टा कुणाचा, याला कागद नव्हता.
सगळं आईच्या तोंडी होतं,
आणि ते तोंड आता त्याच मातीत.
तेव्हापासून बोलणं बंद.
खेळ बोलण्यात धरत नाहीत.

एकदा क्यू आणि झेड घातले होते मॅग्नीनं,
निव्वळ खोडसाळपणा.
ओस्ला चौथ्या शब्दाला अडली,
पण रेडिओचं बटण दाबूनच बसली.
सगळ्या बोटींमधून तिच्या विणायच्या सुया वाजत होत्या.
माझा चहा गार झाला.
शेवटी ती म्हणाली, "झोपते,"
आणि आम्हीही झोपलो.

परवा वादळ होतं.
दोरखंड तीनदा आवळले, फेरी तरी डोकं आपटत होती.
खोकला. मग: टी, एच, आर.

वेदर, ती म्हणाली. बरोबरच होतं.
टेदर, तो. मेंढीला बांधतात ती दोरी.
थ्रेड.
थॉर्न.
फेदर.
नॉर्थ, तो म्हणाला, आणि वारा तिकडूनच येत होता.
थ्रोट.
हार्थ, म्हणजे चूल.
इथे ती जरा थांबली.
अर्थ, म्हणाली. म्हणजे माती.
चूल आणि माती शेजारी येऊन बसली,
तशी धक्क्यावर कोणीच हललं नसावं.

मॅग्नी: बर्थ.
मला वाटलं आता डेथ येणार,
पण ओस्ला चुकत नाही. डेथमध्ये आर नाही.
मदर, ती म्हणाली,
जसं काही वाण्याच्या यादीतून वाचतेय.
फादर.
डॉटर.

मी बोटांवर मोजत होतो.
एक शब्द दोघंही टाळत होती.
तिन्ही अक्षरं आहेत त्यात, शाळेतल्या पहिल्या पुस्तकातला शब्द,
व्हॉल्सेतल्या कुठल्याही शेंबड्या पोराला आला असता.
आता पाळी मॅग्नीची.
तो घेऊ शकत नव्हता तो शब्द:
स्वतःला स्वतःच कशी हाक मारायची?

खरखर.
लाट डेकवरून गेली.
खरखर.

"सिस्टर," मॅग्नी म्हणाला.

मला जागच्या जागी ओरडावंसं वाटलं,
अरे म्हाताऱ्या, एच कुठंय!
समुद्रावर पन्नास वर्षं गेलीत याची, रोज रात्री शब्दकोश घेऊन झोपतो हा.

"यात एच नाही," ओस्ला म्हणाली.
"ठाऊक आहे."

नियमात हे बसत नव्हतं.
ठाऊक हा काही शब्द दिला नव्हता कोणी,
तो बोलला होता.

बाहेर कसली तरी बादली गडगडत धक्क्याच्या टोकापर्यंत गेली
आणि पाण्यात पडल्याचा आवाज आला नाही,
म्हणजे कोणीतरी धरली.

"हरलास," ती म्हणाली.
पण बटण सोडलं नाही तिनं.
सुया वाजत होत्या,
एक सुलट, एक उलट,
मधूनच घराच्या छपरावर गारा,
आणि मी किटली उतरवून ठेवली
शिट्टी व्हायच्या आत.