बारा पूर्णांक एक

एप्रिल संपत आला होता, रौमाच्या बंदरातला बर्फ
काळा पडून किनाऱ्यापासून सुटत होता,
तेव्हा ऐमो स्यब्लोम ती गाडी ट्रेलरवर घालून आला.
छत अर्ध्यात. मागची कमान हवेत उभी,
ओळखीचं कुणी दिसलं म्हणून टोपी उचलावी
आणि नाव आठवू नये, तशी.

"कसं चाललंय?" मी विचारलं. "ठीक."
"आणि हिचं?"
"दोन वर्षं अशीच आहे. ऑगस्टात सिल्वीनं बटण दाबलं होतं."
एवढंच. मीही पुढं विचारलं नाही.
मी विजेतली बाई, सुरुवात बॅटरीपासून करते:
आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार.
आडात होतं.

फ्यूज धड. रिले टक् म्हणतो.
डिकीतला पंप थेट जोडला की गुरगुरतो,
तेल दाबतो, दांडे ढकलतो, तक्रार नाही.
छत ठेवायच्या कप्प्याचं झाकण खाली येतं, बसतं,
आणि तिथेच सगळं थांबतं.
झाकण बसलंय, पण कडी लागलेली नाही,
आणि कडी लागल्याची वर्दी आल्याशिवाय
सीटखालचा डबा कुणाचं ऐकत नाही.
माझी सासू अशीच होती. दाराची कडी
स्वतः हलवून बघितल्याशिवाय गादीवर टेकायची नाही.

कडीची मोटर अंगठ्याएवढी.
प्लग काढून मीटर लावला: बारा पूर्णांक एक.
म्हणजे वीज पोचते. म्हणजे मोटर गेली.
नवी मागवली जर्मनीहून. नऊ दिवस.
बसवली. तीही ढिम्म.

तेव्हा कान धरून मी खालचा ड्रॉवर उघडला,
वडिलांचा दिवा काढला:
जुन्या इंडिकेटरचा बल्ब, दोन वायरी, दोन चिमटे.
मीटर नुसता विचारतो, आहेस का?
दिवा म्हणतो, असशील तर हे उचल.

बल्ब पेटला नाही. जेमतेम लालसर झाला,
सौनाच्या चुलीत रात्री राहून गेलेला निखारा.
आणि मीटर, तोच मीटर, दोनावर घसरला.

झाकणाच्या बिजागरीपाशी वायरींची जुडी दुमडते,
प्रत्येक उघडझापीला एकदा, त्याच जागी.
वरून काही नाही. रबर अखंड, चकचकीत.
एकेक वायर बोटांत धरून ओढत गेले;
तपकिरी वायर ताणली गेली, च्युइंगमसारखी.
तांबं कधी ताणलं जात नाही.

चिरलं. आत हिरवी पूड,
आणि केसाएवढी एकच तार शाबूत.
तिनेच ते बारा पूर्णांक एक दाखवले होते.
खोटं नव्हती बोलत.
कुणी काही उचलायला सांगितलं नाही तोवर
ते खरंच होतं.

थंडीत न कडकणारी नवी वायर घेतली,
गरजेपेक्षा लांब, दुमडायला ढील राहावी म्हणून.
दाबून सांधली, वर नळी चढवली, गरम हवा मारली,
नळी आक्रसून घट्ट बसली.
जुनी मोटर परत लावली. तिची माफी मनातल्या मनात.

"दाब," मी म्हटलं.
ऐमो बटणाकडे बघत राहिला.
"तूच दाब."
"माझे हात ग्रीसचे आहेत."
मग त्यानं बाही खाली ओढली, पुन्हा वर केली,
आणि एका बोटानं, जरा जास्तच जोर लावून.

खट्.
कमान उतरली, कापड ताणलं गेलं, मागची काच बसली.
त्यानं उघडलं. मिटलं. उघडलं.
पाचव्यांदा मी म्हटलं, बॅटरी उतरेल.

बिल: वायर, वीस सेंटिमीटर. वेळ, दोन दिवस.
"वीस सेंटिमीटरला दोन दिवस?"
"अकरा लागले. नऊ माझ्या चुकीचे, ते धरले नाहीत."
त्यानं मोजून पैसे ठेवले, वर
वर्तमानपत्रात गुंडाळलेला धुरावलेला मासा,
आणि कापलेला तपकिरी तुकडा मागून घेतला.

बंदराच्या रस्त्याला लागला, छत उघडं,
बाहेर चार अंश, कान लालभडक.
हीटर चालतो का
हे बघायचं राहिलंच.