टी-शर्टच्या टेबलामागून

‘कोल्ड अलॉटमेंट’चा हलमधला शेवटचा दिवस.
दार उघडलं की हंबरवरचा वारा आत घुसतो.
मी घड्या घालतो, सुटे पेन्स मोजतो, ऐकतो.

मॅल्कम म्हणतो, गिटार गेली तेव्हाच बँड गेला.
पहिल्या रेकॉर्डवर मागे किटली शिट्टी घालायची,
ते खरं होतं. आताचं सगळं
धुऊन इस्त्री केलेलं.

नुआला म्हणते, पंधरा वर्षं तेच वाजवलं असतं
तर तूच म्हणाला असतास, यांचं पाणी साचलं.

तिची मुलगी मधे पडत नाही.
तिला जुनं काही ठाऊकच नाही,
तिच्यासाठी ते मार्चमध्ये जन्मले.

मला विचाराल (कुणी विचारत नाही)
तर तिसरा अल्बम फसलाच होता.
तरी त्यातलं सातवं गाणं
आई गेली त्या रात्री
व्हॅनमध्ये लीड्सपासून घरापर्यंत
पुन्हा पुन्हा लावलं मी.
चांगलं की वाईट, सुचलंच नाही.

दिवे लागल्यावर मॅल्कम परत येतो.
पहिल्या दौऱ्यातला शर्ट आहे?
एकच उरलाय. मीडियम.

तो पोटाकडे बघतो,
मग नोटा काढतो.
पिशवी नको म्हणतो.