रकाना

माझे आजोबा, आउगुस्त कोइव,
एस्टोनियात, वाल्गाच्या छावणीत
कोठी सांभाळायचे.

रायफली झारच्या, पळताना टाकून गेलेल्या.
काही इंग्रजांच्या, बोटीतून आलेल्या, ग्रीसने माखलेल्या.
शिरस्त्राणं जर्मन. एकाला भोक होतं,
त्यातून पाऊस नेमका येनोच्या कानात गळायचा.
तोफा दोन. एकीचं चाक शेतगाडीचं.
आजोबा म्हणायचे, देश जेमतेम वर्षाचा,
अंगावर थोरल्यांचे कपडे असणारच.

उसनं नव्हतं ते अवसान
आणि हातमोजे.
ते घराघरांतून यायचे. राखाडी लोकर,
मनगटाशी दर गावाची निराळी नक्षी,
उजव्या हाताला तर्जनी सुटी विणलेली,
चापासाठी.
आजी ते बोट सगळ्यात शेवटी विणायची.
तेव्हा कुणाशी बोलायची नाही.

चाळीस सालच्या उन्हाळ्यात
पूर्वेकडून ट्रक आले. अंगणात टेबल मांडलं.
रायफली मोजल्या, संगिनी मोजल्या,
सायकली, शिट्ट्या, घोड्यांचे नाल,
न उडालेली एकेक गोळी.
आजोबांनी पानामागून पान भरून सही केली.
अधिकाऱ्याने टोपलीकडे हनुवटी उडवली:
आणि हे?
आजोबांनी वही उगाच पुन्हा चाळली.
हातमोज्यांना रकानाच नव्हता.
"हे सैन्याचं नाही," ते म्हणाले, "बायकांचं."

एक जोडी माझ्याकडे आहे.
दारातला बर्फ ओढताना घालते.
धुवून धुवून तर्जनी आटलीय,
तेवढं एकच बोट
अर्धं उघडं राहतं, गारठतं.