पहाटेची पाळी

बर्म्युडा सोडून आज चोविसावा दिवस.
बाबा दिवस मोजत नाहीत. ते कांदा बघतात.
बिस्किटाच्या डब्यात, मूठभर तांबड्या मातीत लावलेला,
पात आता वीतभर वर आलीय,
आणि वाटणीच्या पाण्यातला एक घोट
ते रोज तिला देतात,
मला न विचारता.

एकतीस वर्षं दुसऱ्यांची हिरवळ कापली त्यांनी.
बेल्मिरो, कुंपण. बेल्मिरो, जास्वंद.
साठी उलटल्यावर ही होडी घेतली, अठ्ठावीस फुटी,
भेगांत चिंध्या कोंबलेली,
आणि पोहता न येणारा हा माणूस मला म्हणाला,
विमानानं पोचता येतं, आन्सेल्मो.
परतता येत नाही.

मग वारा पडला.
पाच दिवस.
शीड डोलकाठीला नुसत्या थपडा मारत राहिलं.
रात्री फेकलेली बटाट्याची सालं
सकाळी तिथंच, आमच्या बाजूला,
शेजारी राहायला आल्यासारखी.
पाचव्या दिवशी आम्ही भांडलो. चमच्यावरून.
एक चमचा पाण्यात गेला होता
आणि कुणाच्या हातून, ते दोघांनाही माहीत होतं.
तो अजून खालीच जात असेल, बाबा संध्याकाळी म्हणाले,
तेव्हा कुठं हसू आलं.

नैऋत्येचा वारा आला तो रात्री,
आधी मानेवर, मग दोरात.
होडी कुशीवर कलली, स्टोव्हवरचं सूप माझ्या बुटात.
तीन रात्री सुकाणू आळीपाळीनं,
कमरेला दोर,
मागून येणाऱ्या लाटेकडे वळून बघायचं नाही,
कानांनीच तिची उंची जोखायची.
बाबा पुटपुटत होते.
प्रार्थना की आकडे, विचारलं नाही.

बेटाबद्दल ते एवढंच सांगायचे:
दिसण्याआधी वास येईल.
ओलं गवत, शेण, चुलीतलं लाकूड.
मी हो म्हणायचो.
मला ठाऊक असलेल्या गवताला
पेट्रोलचा वास येतो.

रात्रीतून वारा फिरला. आता समोरून येतोय, हलका,
आणि त्यात शेण.
खरंच शेण.
ढगांच्याही वर, जिथं कुणी डोंगर शोधणार नाही तिथं,
पिकोचं टोक, काळं,
कुणी चुकून ठेवून विसरल्यासारखं.

खाली बाबा झोपलेत, बूट घालूनच, तोंड उघडं.
हाक मारायला हवी.
एकदा मारली की हा त्यांचा देश.
माझा मागं राहिलाय, अठराशे मैल,
तिथं आईच्या थडग्यावरचं गवत
आता कोण कापत असेल?

मी कांद्याला पाणी घातलं,
माझ्या वाटणीतलं.
सुकाणू थोडं सरळ केलं.
मग दारातून खाली वाकलो
आणि हाक मारायच्या आधी
अजून एक लाट जाऊ दिली.