अंदाजपत्रक

दस्तगीर मुलाणींनी खोल्या पावलांनी मोजल्या आणि सांगितलं,
एक्केचाळीस हजार. सामान वेगळं.
मी तेवीस वर्षं पतसंस्थेत लोकांची कर्जं लिहिते,
आकडा ऐकून चेहरा सपाट ठेवणं मला जमतं.
चहा दिला. "कळवते" म्हटलं.

रात्री वहीत दोन रकाने पाडले.
डावीकडे ते, उजवीकडे आम्ही.
रोलर दोन, पत्रा, पुट्टी, पॉलिश पेपर,
शिडी शेजारच्या चौगुल्यांची,
जयपालची चार दिवसांची रजा,
जी नाहीतरी टीव्हीपुढंच जाते.
बेरीज साडेअकरा.
गुडघे धरले नव्हते.

शामरावनगरात एक भिंत म्हणजे दोन भिंती.
पुराच्या वरची, पुराच्या खालची.
आमच्याकडं हद्द चार फूट तीन इंचांवर.
पाणी ओसरल्यावर सगळे स्विचबोर्ड वर घेतले,
तेव्हापासून मिक्सरची वायर हारासारखी लोंबते
आणि पाहुण्यांची पोरं फोन लावायला खुर्ची मागतात.
हद्दीच्या वरचा रंग अजून शहाण्यासारखा आहे.
खालचा सुटतो. रोज केर काढताना
थोडी भिंत सुपलीत येते.

शेडकार्ड उघडलं. पिवळेच बेचाळीस.
जन्म हळदीच्या गावात गेला,
मार्केट यार्डाचा वास केसांत घेऊन शाळेला गेले,
आणि मला एक पिवळा निवडता येईना.
जयपाल म्हणाला, पांढरा लाव.
हा माणूस भडंगसुद्धा शेंगदाणे बाजूला काढून खातो.

शनिवारी कपाटामागची भिंत घेतली,
बिघडली तर झाकता येईल म्हणून.
खरवडलं. मोरपंखी निघाला, त्याखाली पिस्ता,
त्याखाली चुन्यातला गुलाबी,
सासऱ्यांनी प्लॉट घेतला तेव्हाचा.
तासाभरात पस्तीस वर्षं खाली उतरलो
आणि दोघंही गप्प झालो.
दमलो होतो, दुसरं काही नाही.
मग रंग. रोलर उचलला की ओघळ कोपरापर्यंत,
कोपरावरून बाहीत.
वाळल्यावर भिंत दिसली
घाईत पुसलेल्या फळ्यासारखी.
जयपाल मागं मागं गेला, डोळे बारीक केले,
"इथून बरी दिसते."
इथून म्हणजे फाटकातून.

सोमवारी मुलाणी आले.
बघून हसले नाहीत. हसले असते
तर निदान भांडता आलं असतं.
हद्दीखाली उलटा हात टेकवला,
तवा तापला का बघावं तसा,
आणि म्हणाले, "ओल हाय अजून, ताई.
आत्ता मी मारला तरी संक्रांतीला पोपडा धरंल.
खालचं समदं खरवडा, उघडं ठेवा.
एक उन्हाळा खाऊ द्या भिंतीला. मग बोलवा."

दसऱ्याच्या तोंडावर एक्केचाळीस हजार
असे हातचे सोडताना
आमच्या संस्थेत मी कुणाला बघितलेलं नाही.

कपाटामागची दाखवून विचारलं, हिचं काय?
त्यांनी रिकाम्या हातानं हवेत रोलर फिरवला,
आधी वाकडातिकडा, मग त्याच्यावरनं सरळ,
न थांबता, न दाबता.
तीनदा दाखवलं. मनगट किती सैल होतं त्यांचं.
माझं दुसऱ्या दिवशीही ताठलेलं.
याचे किती, म्हटलं, तर म्हणाले,
चहा. बिनसाखरेचा.

वहीतले रकाने अजून तसेच आहेत,
फक्त मधली रेघ आता आडवी झालीय:
वरचं त्यांचं, खालचं आमचं.
संध्याकाळी जेवणाआधी दोन हात खरवडतो.
जयपाल पत्रा चांगला चालवतो, हे लग्नाला
एकोणतीस वर्षं झाल्यावर कळलं.

काल बाहेरच्या खोलीत, हद्दीच्या बोटभर वर,
चुन्याखाली गिलाव्यावर पेन्सिलीचं अक्षर निघालं.
कुणा गवंड्याचं, बाकदार.
सिमेंट दोन. वाळू सात पाट्या.
उसने चाळीस, महादूकडून.
फेडले की नाही, लिहिलेलं नाही.