हातचा

सेलूच्या मोंढ्यामागं आमची गिरणी.
पालथ्या डब्यावर वही, वहीवर पीठ.
फुंकर मारली की आधी पीठ उडायचं,
मग पेन्सिलीचे आकडे दिसायचे.

देगलूरकर सरांचा नियम असा:
नुसत्या उत्तराला एक मार्क,
रीत लिहिली तर तीन.
आईला रीत येत नव्हती.
साडेसात किलो ज्वारी, किलोला सहा रुपये,
काट्यावरून डबा उतरायच्या आत
तिच्या तोंडून पंचेचाळीस निघायचे.
कसे गं?
कसे म्हणजे? झाले.

त्या दिवशी गृहपाठ होता,
स्वतः एक शाब्दिक उदाहरण तयार करा व सोडवा.
मी इकडं तिकडं पाहिलं आणि लिहिलं:
लाइट आठला येते, साडेदहाला जाते.
गिरणी तासाला साठ किलो दळते.
रांगेत तेवीस डबे, प्रत्येकी सात किलो.
तर किती धान्य दळायचं राहील?

पहिली पायरी. आठ ते साडेदहा, अडीच तास.
दुसरी. साठ गुणिले अडीच, दीडशे.
तिसरी. सात त्रिक एकवीस, एकवीसचा एक, हातचे दोन,
सात दुणे चौदा आणि दोन सोळा,
एकशे एकसष्ट.
वजा केले. अकरा.
अकराखाली मी दोन रेघा ओढल्या.

"काय लिहायलीस?"
आई पट्टा चढवत होती.
"अकरा किलो राहतं."
"कोणाचं?"

पुस्तकातलं कुठलंच उदाहरण असं विचारत नाही.
मी रांगेच्या टोकाला गेले.
शेवटचा निळा डबा हलीमाबीचा.
तिच्या पोराला पहाटेची नांदेडची गाडी,
सोबत भाकरी बांधून द्यायची होती.
त्याच्या आधीचा इंगोल्यांचा, झाकणाला सुतळी.
आईनं निळा डबा उचलला
आणि काही न बोलता पुढं नेऊन ठेवला.
अकराचे अकराच राहिले,
मला एकही आकडा खोडावा लागला नाही.

"आन् दीडशे दळलं की दीडशेच भरतंय का?"
तिनं मला नळीखाली हात धरायला लावला.
आधीची बाजरी होती, आताचा गहू,
पहिली मूठ करडी पडली.
"ह्याचं थोडं त्याच्यात जातंय,
त्याचं पुढच्याच्यात.
दगडात थोडं राहतंच."
"म्हणजे हातचा!" मी ओरडले.
आईनं स्वतःच्या हाताकडं पाहिलं,
कोपरापर्यंत पांढरा.

साडेदहाची लाइट दहा दहालाच गेली.
दगड हळूहळू गप्प झाले,
बाहेर कुणीतरी महावितरणला शिवी घातली.
अंधारात आई झाकणांवर बोट वाजवत निघाली,
एक, दोन, तीन, चार,
मग चाडीत हात घालून थोडा वेळ थांबली.

"एकतीस किलो," मी म्हणाले.
वही कुठं होती तेही दिसत नव्हतं.

"रीत?" आई म्हणाली.