शिरगणती

डोकी मोजणं माझं काम.
नगरपालिकेत मी आणि छताचा पंखा, दोघंच कायम.
या खेपेला रोक्कास्पिना : दोनशे सात.
जन्म शून्य. मृत्यू अकरा.
म्हातारे तुरी दारातच अडवून म्हणाले,
"मला कुठल्या रकान्यात घालतेस, तेओदोरा?"
म्हटलं, तुम्ही आहात अजून.
"बघ बाई, नीट बघ."

पण गावाचा खरा हिशेब डोक्यांचा नाही, खांद्यांचा.
संत अगाझिओची मूर्ती चेस्टनटच्या लाकडाची,
तिला सोळा लागतात.
माझ्या लहानपणी त्यावरून डोकी फुटायची.
बाप मुलाला खांदा वारशात देई,
डावा, मागून तिसरा,
द्राक्षमळा नावावर करावा तसा.
मग खांदे तोरिनोला गेले, मोटारींच्या कारखान्यात.
श्टुटगार्टला गेले. ऑगस्टात यायचे.
मग ऑगस्टात नुसता फोन यायचा :
"मोबाइल जरा वर धर ना, मूर्ती दिसत नाही."

यंदा अकरा. त्यातल्या दोघांच्या कमरेला पट्टे.
"मला चारच पुरतील," तुरी म्हणाले. कुणी हसलं नाही.
पाद्रीबाबा म्हणाले, ट्रॅक्टरवर ठेवू.
सगळे गप्प.
ट्रॅक्टरवरून शेणखत जातं.

तेव्हा साइकू पुढे झाला.
गाम्बियाचा. ऑलिव्हच्या बागांत राबतो,
खालच्या आळीतल्या एका बंद पडलेल्या घरात पाच जण राहतात,
माझ्या कागदावर 'तात्पुरते',
सहा वर्षं झाली.
"वजन किती?" एवढंच विचारलं त्याने.
कुणाचं, ते नाही.

मिकूची बायको खिडकी ओढून घेत म्हणाली,
हा काही त्यांचा देव नव्हे.
साइकूने मान डोलावली. "माझा नाहीच.
पण ही चढण माझ्या रोजच्या पायाखालची आहे."

पाचही आले. सोळा भरले.
आणि मूर्ती कलली.
ते ताडमाड, आमचे मुळात बुटके, त्यात वाकलेले.
अगाझिओ एका अंगावर झुकले,
ऐकू न येणारा माणूस कान पुढे करतो तसे.
फिलोमेनाने घरोघरची कांबळी गोळा केली,
घड्या घालून आमच्यांच्या खांद्यांवर ठेवल्या,
गाव वीतभर उंच केलं.

आमची चाल जुनी : दोन पावलं, थांबा.
थांब्यावर त्यांच्यातला एक 'हूं' म्हणाला,
होडी वाळूवर ओढताना म्हणतात म्हणे त्यांच्याकडे.
कारंज्यापाशी आमचे दोघे म्हणाले.
वरच्या वळणावर, खुर्चीत बसल्या बसल्या, तुरीसुद्धा.

याला रकाना नाही.
शेऱ्यात लिहिलंय :
कांबळी अकरा. मालकांनी परत मागितलेली नाहीत.
चर्चच्या कपाटात आहेत, घड्या तशाच.